चूक मोटरमनची, जबाबदारी कोणाची?

पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड अशी स्थानके घेत ती मावळात जाते. तळवड्याच्या कारखान्यांत पाळीला जाणारे कामगार, तिथल्या संगणक कंपन्यांत जाणारी तरुण मंडळी आणि निगडी-आकुर्डीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी यांच्यापैकी कितीतरी जण आकुर्डीला किंवा देहूरोडला उतरतात व पुढचा रस्ता बसने किंवा रिक्षाने धरतात. गाडी फलाटात शिरते तेव्हा सर्वांची नजर डब्याच्या दाराकडे असते. सर्वांत पुढच्या केबिनमध्ये एकटा बसलेल्या माणसाकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्याची आठवण होते ती अपघात झाल्यावर. मग दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘मोटरमनच्या चुकीमुळे अपघात’ असे चार शब्द येतात आणि बहुतेकांच्या लेखी प्रकरण तिथेच संपते.

हे चार शब्द खरे असतीलही. पण त्यांतून आपल्याला नेमके काय कळते? दगड खाली का पडला, या प्रश्नाला ‘हातातून सुटला म्हणून’ असे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला आपण पूर्ण गुण देत नाही. हात सुटण्याची कारणे वेगळी आणि सुटलेला दगड खालीच का जातो याचे कारण वेगळे, हे आपण त्याला समजावतो. माणसाच्या चुकीबाबत मात्र आपण स्वतः पहिल्याच उत्तरावर समाधान मानतो. गेल्या सव्वाशे वर्षांत शास्त्रज्ञांनी आणि रेल्वे चालवणाऱ्यांनी या पहिल्या उत्तराच्या पलीकडे जाण्याची धडपड कशी केली, आणि आपण त्या वाटेवर कुठे उभे आहोत, हे या लेखात पाहू.

मोटरमन नावाचा नवा कामगार

वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर एकटा नसे. शेजारी कोळसा टाकणारा फायरमन असे आणि दोघांच्या चार डोळ्यांना सिग्नल दिसे. १८९७ साली अमेरिकेत फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने शिकागो शहरातील उन्नत रेल्वेवर वेगळीच व्यवस्था करून दाखवली. अनेक डब्यांखाली विजेच्या मोटारी बसवायच्या आणि त्या सर्वांचे नियंत्रण पुढच्या एका केबिनमधून करायचे. कोळसा नाही, पाणी नाही, त्यामुळे दुसऱ्या माणसाचीही गरज उरली नाही. शहरी रेल्वेचा एकटा चालक इथे जन्माला आला.

मुंबईत हे तंत्र ३ फेब्रुवारी १९२५ रोजी आले. त्या दिवशी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची पहिली गाडी धावली. १९२८ साली पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि त्याच वर्षी व्हिक्टोरिया टर्मिनस ते भायखळा या टप्प्यात रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल बसले. इंजिनाच्या ‘ड्रायव्हर’ची जागा लोकलच्या ‘मोटरमन’ने घेतली. हा शब्द मुंबईच्या मराठीत इतका रुळला की त्याला कोणी प्रतिशब्दही शोधला नाही.

एकट्या माणसाला काही झाले तर काय, हा प्रश्न अर्थातच पुढे आला. त्यावर काढलेली युक्ती म्हणजे ‘डेड मॅन्स हँडल’. गाडी चालू असताना मोटरमनने दांडा दाबून धरायचा; हात सुटला की वीजपुरवठा तुटतो आणि ब्रेक लागतो. मोटरमन बेशुद्ध पडला तर गाडी थांबते. युक्ती चांगली, पण तिला एक गोष्ट कळत नाही. दांडा दाबून धरलेल्या माणसाचे मन कुठे आहे, हे तिला ओळखता येत नाही.

मोटरमनचे काम किती कठीण आहे याचा अंदाज आठवीच्या गणितानेही येतो. गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर आहे असे धरू. ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला ०.८ मीटरने कमी होत गेला तर गाडी थांबायला २५ सेकंद आणि २५० मीटर लागतात. वेग ताशी १०० किलोमीटर असेल तर हेच अंतर सुमारे ४८० मीटर होते. वेग दीडपटही झाला नाही, अंतर मात्र जवळजवळ दुप्पट झाले, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. थांबायचे ठिकाण डोळ्यांना दिसण्याआधीच थांबण्याचा निर्णय घ्यावा लागतो. म्हणूनच लाल सिग्नलच्या आधी एक पिवळा आणि त्याच्याही आधी दोन पिवळे दिवे असतात. पिवळा दिवा पाहून न पाहिल्यासारखा झाला की पुढचा लाल दिवा दिसूनही उपयोग होत नाही.

चुकणारी माणसे शोधण्याचा काळ

चालकांच्या चुकांचा अभ्यास प्रयोगशाळेत नेण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न ह्यूगो म्यून्स्टरबर्ग या हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञाने केला. १९१२ च्या सुमारास त्याने बॉस्टनच्या विद्युत ट्रामच्या मोटरमनसाठी एक चाचणी तयार केली. रस्त्यावरची माणसे, घोडागाड्या आणि मोटारी यांच्या जागी आकडे असलेला पट्टा मोटरमनसमोरून सरकत जाई आणि कोणता आकडा रुळांच्या वाटेत येणार आहे हे त्याने चटकन सांगायचे असे. ज्यांना हे जमत नाही त्यांना नोकरीत घेऊच नये म्हणजे अपघात घटतील, असा त्यामागचा विचार होता.

याच विचाराला पुढे ब्रिटनमध्ये संख्याशास्त्राचा आधार मिळाला. कारखान्यांतील अपघातांच्या नोंदी तपासताना काही कामगारांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा अपघात येतात असे दिसले. १९२६ साली फार्मर आणि चेंबर्स या संशोधकांनी त्याला ‘अपघातप्रवणता’ असे नाव दिले. व्यवस्थापनांना ही कल्पना साहजिकच आवडली. दोष यंत्रात नाही, पाळीच्या वेळापत्रकात नाही, तो त्या माणसातच आहे!

या कल्पनेत एक मोठा सापळा आहे आणि तो अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखा आहे. समजा, १०० मोटरमन आहेत, सर्व अगदी सारखे कुशल आहेत आणि वर्षभरात त्यांच्या हातून मिळून १०० किरकोळ चुका होतात. या चुका निव्वळ योगायोगाने वाटल्या गेल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक-एक येईल का? मुळीच नाही. पॉयसाँच्या सूत्राप्रमाणे सुमारे ३७ जणांच्या नावावर एकही चूक नसेल, ३७ जणांच्या नावावर एक, १८ जणांच्या नावावर दोन, आणि सात-आठ जणांच्या नावावर तीन किंवा त्याहून अधिक चुका दिसतील. हे सात-आठ जण ‘चुकार’ म्हणून घरी पाठवले तरी पुढच्या वर्षी उरलेल्यांतून नवे सात-आठ निघतीलच. सर्वच माणसे सारखी असतात असे आम्हाला म्हणायचे नाही. नजर, झोप, अनुभव यांत फरक असतातच. पण नुसत्या नोंदवहीकडे पाहून दोषी ठरवणे किती फसवे आहे, हे या साध्या गणितातून कळते.

ज्या काळात माणसे निवडण्याचे हे शास्त्र घडत होते, त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये एक भयंकर घटना घडली. १ नोव्हेंबर १९१८ रोजी ब्रुकलिनच्या शहरी रेल्वेतील मोटरमन संपावर होते. गाड्या बंद पडू नयेत म्हणून कंपनीने कार्यालयातील एका कर्मचाऱ्याला जुजबी प्रशिक्षण देऊन गाडीवर बसवले. मालबोन रस्त्याजवळच्या अवघड वळणावर, ताशी ६ मैलांची मर्यादा असताना गाडी कितीतरी अधिक वेगाने शिरली आणि रुळांवरून घसरली. किमान ९३ माणसे मेली. चालक चुकला हे उघडच होते. पण त्याला तिथे बसवले कोणी? या प्रकरणात चालकावर आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांवरही मनुष्यवधाचे खटले झाले. शिक्षा कोणालाच झाली नाही.

लक्ष का उडते?

दुसऱ्या महायुद्धाने या अभ्यासाची दिशा बदलली. रडारच्या पडद्याकडे तासन्‌तास पाहणारे चांगले प्रशिक्षित सैनिक शत्रूच्या खुणा का चुकवतात, हा ब्रिटिश हवाई दलापुढील प्रश्न होता. नॉर्मन मॅकवर्थ या संशोधकाने त्यासाठी एक घड्याळ बनवले. त्याचा काटा ठराविक टप्प्याने पुढे सरके आणि क्वचित कधीतरी एकदम दोन टप्पे उडी मारी. ती उडी दिसली की बटण दाबायचे, एवढेच काम होते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या निसटण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढत होते. ही माणसे आळशी नव्हती. एकसुरी दृश्यात क्वचित येणारी खूण टिपत राहणे, हे काम मेंदूला मुळातच दीर्घकाळ जमत नाही.

अमेरिकेत त्याच सुमारास आल्फॉन्स चॅपॅनिस याने बॉम्बफेकी विमानांचा एक विचित्र अपघात तपासला. विमान सुखरूप उतरल्यावर वैमानिक पंखांच्या फडक्यांचा दांडा ओढण्याऐवजी चाके आत घेण्याचा दांडा ओढत आणि विमान पोटावर आदळे. नोंद होई ती ‘वैमानिकाची चूक’ अशी. चॅपॅनिसने पाहिले तर दोन्ही दांडे शेजारीशेजारी आणि हाताला सारखेच लागणारे होते. त्याने एकाच्या टोकाला चाकाच्या आकाराची मूठ आणि दुसऱ्याच्या टोकाला पाचरीच्या आकाराची मूठ बसवण्याचा उपाय सुचवला. माणसे तीच राहिली, पण त्या चुकीला वाव उरला नाही.

या साऱ्या कामाची पुढे नीट मांडणी झाली. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मानवी चुकांवरील ग्रंथात चुकांचे प्रकार वेगळे केले. हात किंवा नजर घसरणे, आठवणीतून निसटणे, परिस्थितीचा चुकीचा अर्थ लावणे, आणि जाणूनबुजून नियम मोडणे. पहिल्या तीन प्रकारांत माणसाला चूक करायची नसते. ज्याला आपण चुकतो आहोत हेच त्या क्षणी ठाऊक नाही, त्याला शिक्षेची भीती कशी थांबवणार? भीती फार तर चौथ्या प्रकारावर लागू पडते.

दोन शेवटची स्थानके

या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग कसा होतो, हे दोन अपघात शेजारी ठेवले की दिसते. दोन्ही अशा स्थानकांत झाले जिथे रूळ संपतात.

२८ फेब्रुवारी १९७५ रोजी सकाळी लंडनच्या भुयारी रेल्वेची एक गाडी मूरगेट या शेवटच्या स्थानकात थांबलीच नाही. ती समोरच्या भिंतीवर आदळली आणि चालकासह ४३ जण मृत्युमुखी पडले. ब्रेक ठीक होते. चालक अनुभवी होता. त्याने ब्रेक लावण्याचा प्रयत्नही केलेला दिसला नाही, आणि डेड मॅन्स हँडल शेवटपर्यंत दाबलेले होते. हे असे का घडले, याचे उत्तर चौकशीत सापडले नाही. आजही ते गूढ आहे. तरीही लंडनच्या रेल्वेने उपाय केला. रूळ संपणाऱ्या स्थानकांत गाडी ठराविक वेगापेक्षा जोरात शिरली तर ब्रेक आपोआप लागेल, अशी यंत्रणा बसवली. चालकाच्या मनात काय होते हे कळले नाही म्हणून काही अडले नाही.

२८ जून २०१५ रोजी, रविवारी सकाळी, भाईंदरहून आलेली लोकल चर्चगेट स्थानकाच्या शेवटी थांबली नाही. ती अडथळ्याला धडकली आणि तिचा पुढचा डबा फलाटावर चढला. पाच जण जखमी झाले. एरवी गर्दीचा दिवस असता तर काय झाले असते याची कल्पनाच करवत नाही. मोटरमन आणि गार्ड यांना निलंबित करून चौकशी सुरू झाली. वेळेवर ब्रेक न लावल्याचा ठपका मोटरमनकडे बोट दाखवत होता आणि चर्चाही मुख्यतः तेवढ्यावरच झाली. चाळीस वर्षांपूर्वी लंडनने विचारलेला प्रश्न मात्र वर्तमानपत्रांत फारसा दिसला नाही: मोटरमन चुकला, तर त्याच्या आणि फलाटाच्या मध्ये दुसरे काय उभे होते?

भीतीचा अपघात

शिक्षेच्या धाकाने चुका कमी होत नाहीत, इतकेच नव्हे तर त्या वाढू शकतात, याचा सर्वांत दुःखद पुरावा जपानमधून आला. २५ एप्रिल २००५ रोजी अमागासाकी शहरात एक लोकल गाडी वळणावर रुळांवरून उडून शेजारच्या इमारतीत घुसली. २३ वर्षांच्या चालकासह १०७ जण मरण पावले, ५६० हून अधिक जखमी झाले. त्या वळणावर वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर होती. गाडीचा वेग ११६ होता.

काही मिनिटे आधी हाच चालक एका स्थानकात ठरलेल्या जागेच्या सुमारे ७२ मीटर पुढे गेला होता. गाडी मागे घेण्यात वेळ गेला आणि ती दीड मिनिटाच्या आसपास उशिरा धावू लागली. पुढे गेल्याचे अंतर कमी सांगावे, अशी विनंती त्याने गार्डला केली. का? कारण अशा चुकीसाठी त्या कंपनीत ‘निक्किन क्योइकु’ नावाचे ‘पुनःप्रशिक्षण’ असे. त्यात पश्चात्तापाचे निबंध लिहून घेणे, गवत उपटायला लावणे, वरिष्ठांनी सर्वांदेखत फैलावर घेणे असे प्रकार चालत. हा चालक आदल्या वर्षी त्यातून गेलेला होता. चौकशी आयोगाच्या मते, गार्ड नियंत्रण कक्षाला काय सांगतो आहे हे ऐकण्यात त्याचे लक्ष गुंतले असावे आणि त्यामुळे ब्रेक उशिरा लागला. वेग जास्त झाल्यास गाडी स्वतःहून रोखणारी यंत्रणा त्या वळणावर नव्हती.

कंपनीच्या माजी अध्यक्षांवर खटले झाले, पण ते निर्दोष सुटले. कायद्याने जे घडले नाही ते पुढे निराळ्या रीतीने घडले. याच कंपनीने २०१६ सालापासून, हेतुपुरस्सर नसलेल्या मानवी चुकांसाठी शिक्षा करायची नाही, असे धोरण स्वीकारले. ‘चूक लपवू नका, सांगा, म्हणजे पुढची टाळता येईल’ हा त्यामागचा हिशेब होता.

आपल्याकडे

आपल्या देशात जबाबदारीची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. नोव्हेंबर १९५६ मधील अरियालूर येथील अपघातानंतर रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला. त्यांनी कोणताही पूल बांधला नव्हता की गाडी चालवली नव्हती. जो सर्वांत वर आहे त्याने उत्तरदायी असावे, एवढाच त्याचा अर्थ होता. चौकशी करणाराही तटस्थ असावा, म्हणून १९४१ सालीच रेल्वेच्या निरीक्षकांना रेल्वे मंडळाच्या अधिकारातून बाहेर काढण्यात आले. आजचे रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत ते त्यामुळेच.

तंत्राच्या बाजूनेही मुंबई मागे नव्हती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उपनगरी मार्गांवर साहाय्यक इशारा यंत्रणा बसवण्यात आली. सिग्नलजवळ रुळांत बसवलेले चुंबक गाडीला सिग्नलची स्थिती कळवते. पिवळ्या सिग्नलची दखल मोटरमनने काही सेकंदांत बटण दाबून घेतली नाही, किंवा लाल सिग्नल ओलांडला, तर ब्रेक लागतो. देशाच्या इतर भागांतील बहुतेक चालकांना असे काही संरक्षण मिळायला त्यानंतर कित्येक वर्षे वाट पाहावी लागली.

तरीही शिक्षेची चौकट जुनीच आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १७५ नुसार प्रवाशांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या कर्मचाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. लाल सिग्नल ओलांडल्याचे खात्याच्या चौकशीत सिद्ध झाले तर सक्तीची निवृत्ती किंवा बडतर्फी ओढवते. वीस-पंचवीस वर्षांची नोकरी काही सेकंदांच्या चुकीवर टांगलेली असते.

इथे आणखी एक साधे गणित करू. मुंबईत रोज तीन हजारांहून अधिक लोकल फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत सरासरी ४० सिग्नल लागतात असे समजा. म्हणजे रोज १,२०,००० वेळा कोणीतरी मोटरमन सिग्नल वाचून निर्णय घेतो. माणसाने एक लाखात एकदाच चूक करायची ठरवली, तरी रोज एखादी चूक होणारच. प्रत्यक्षात लाल सिग्नल रोज ओलांडले जात नाहीत. याचा अर्थ, आपण ज्यांना बेफिकीर म्हणतो ती माणसे आपल्या कोणाहीपेक्षा अधिक अचूक काम करत आहेत.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी मध्य रेल्वेच्या एका मोटरमनचा भायखळा आणि सँडहर्स्ट रोड यांच्या दरम्यान गाडीखाली मृत्यू झाला. रूळ ओलांडताना झालेला हा अपघात होता, असे रेल्वेने म्हटले. लाल सिग्नल ओलांडल्याबद्दल होऊ घातलेल्या कारवाईचे दडपण त्यांच्यावर होते, असे सहकारी आणि संघटना म्हणत होत्या. त्या मृत्यूविषयी निवाडा करणे हे आमचे काम नाही. पण दुसऱ्या दिवशी मोटरमननी जादा काम करण्यास नकार दिला, ते अंत्ययात्रेला गेले आणि कितीतरी लोकल रद्द झाल्या. त्या दिवशी उशिरा घरी पोहोचलेल्या प्रवाशांना कळले की रोजची गाडी वेळेवर धावते ती माणसांनी केलेल्या जादा कामावर.

त्याच वर्षी १७ जूनला पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून आदळली आणि दहा जण मेले. मालगाडीचा चालक मरण पावलेला होता आणि त्याने सिग्नल मोडल्याचे रेल्वेच्या सर्वोच्च पातळीवरून त्याच दिवशी जाहीर झाले. पुढे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत वेगळे चित्र दिसले. त्या सकाळी सिग्नल नादुरुस्त होते. लाल सिग्नल ओलांडण्याची परवानगी देणारा जो कागद चालकांना देण्यात आला, तोच त्या परिस्थितीत चुकीचा होता आणि त्यावर किती वेगाने जावे हे लिहिलेले नव्हते. एकाच कागदाचा अर्थ वेगवेगळ्या चालकांनी वेगवेगळा लावला. पहिल्या दिवशीचे उत्तर आणि चौकशीचे उत्तर यांत केवढे अंतर! मेलेला माणूस मात्र पहिल्या उत्तराला जबाब देऊ शकत नाही.

मग कोणीच जबाबदार नाही?

हा आक्षेप योग्य आहे आणि तो टाळता येणार नाही. १२ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थ येथे लोकल गाडी मालगाडीवर समोरून आदळून २५ जण मेले. लोकलचा चालक त्या पाळीत मोबाइलवर संदेश पाठवत होता. ही नजरचूक नव्हे, नियमभंगच होता, आणि अशा वागण्याला क्षमा नसावी. परंतु त्यानंतर अमेरिकेने केवळ मोबाइलबंदीवर समाधान मानले नाही. महिन्याभरातच, धोक्याच्या वेळी गाडी स्वतःहून थांबवणारी यंत्रणा बसवणे कायद्याने बंधनकारक केले.

लंडनमधील लॅडब्रोक ग्रोव्ह येथील अपघातात (५ ऑक्टोबर १९९९, ३१ मृत) चालकाने लाल सिग्नल ओलांडला होता. तो जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी चालक म्हणून उत्तीर्ण झाला होता, आणि तोच सिग्नल आधीच्या सहा वर्षांत आठ वेळा ओलांडला गेला होता. आठ वेगवेगळे प्रसंग, सिग्नल एकच! तो नीट दिसत नाही हे माहीत असलेले लोक होते; तो बदलण्याचा अधिकार चालकांकडे नव्हता. पुढे न्यायालयाने रेल्वे कंपन्यांना मोठे दंड ठोठावले.

यातून जबाबदारीचा एक साधा नियम निघतो. ज्याच्या हातात परिस्थिती बदलण्याचा जेवढा अधिकार, त्याच्यावर तेवढी जबाबदारी. मोटरमनने झोपून ताजेतवाने कामावर यावे, मोबाइल दूर ठेवावा, झालेली चूक लपवू नये. पाळ्या ठरवणाऱ्याने त्याला पुरेशी झोप मिळेल असे वेळापत्रक करावे. सिग्नल उभारणाऱ्याने तो स्पष्ट दिसेल असा उभारावा. आणि यंत्रणेसाठी पैसा मंजूर करणाऱ्याने तो का मंजूर केला नाही, याचे उत्तर द्यावे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरण आणि आधुनिक सिग्नल यंत्रणा यांची शिफारस केली ती याच दिशेने होती. ‘कवच’ ही देशी यंत्रणा २०२० साली राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली. ती सर्व मार्गांवर पोहोचणे अजून बाकी आहे.

तळवडे, भोसरी, चाकण भागातील शिक्षकांना हा विचार परका वाटू नये. त्यांच्या विद्यार्थ्यांचे पालक ज्या शेडमध्ये पॉवर प्रेस चालवतात, तिथे चांगल्या प्रेसला दोन बटणे असतात आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. बोटे डायमध्ये राहूच शकत नाहीत. ‘सांभाळून काम करा’ या पाटीपेक्षा हे दुसरे बटण कितीतरी अधिक बोटे वाचवते. वाहनांच्या कारखान्यांत अशा युक्त्यांना ‘पोका-योके’ हा जपानी शब्द वापरतात. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. शिगेओ शिंगो या अभियंत्याने आधी ‘बाका-योके’ असा शब्द वापरला होता, म्हणजे ‘मूर्खासाठी केलेली सोय’. १९६० च्या दशकात एका कारखान्यातील कामगार स्त्रीला तो शब्द ऐकून रडू आले: आपण मूर्ख आहोत का? शिंगोने शब्द बदलला. ‘पोका’ म्हणजे नकळत होणारी चूक, जी कोणाच्याही हातून होऊ शकते.

वर्गात करून पाहण्यासारखे

दोन प्रयोग सुचवतो. पहिला परिचित आहे. एकाने फूटपट्टी उभी धरून सोडायची, दुसऱ्याने खालच्या टोकापाशी चिमटीत पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर प्रतिक्रियेला सुमारे ०.२ सेकंद लागला. आता त्याच विद्यार्थ्याला सतराचा पाढा मोठ्याने म्हणायला लावून पुन्हा मोजा आणि ताशी १०० किलोमीटर वेगाच्या गाडीसाठी वाढलेल्या वेळाचे मीटर करा.

दुसऱ्यासाठी जुने वर्तमानपत्र पुरते. प्रत्येकाने सलग अर्धा तास मजकुरातील प्रत्येक ‘ण’ खोडायचा आणि दर पाच मिनिटांनी समासात खूण करायची. नंतर शेजाऱ्याने निसटलेले ‘ण’ मोजायचे व पाच-पाच मिनिटांचा आलेख काढायचा. अर्ध्या वर्गाला आधी सांगा की चुका मोजून शिक्षा होईल. उरलेल्या अर्ध्याला सांगा की चुका कुठे होतात हे आपल्याला शोधायचे आहे. दोन्ही गटांचे आलेख फळ्यावर शेजारी काढा आणि मग, शिक्षा कोणालाच करायची नव्हती, हे वर्गाला सांगून टाका. शेवटी एक प्रश्न विचारा: आपली चूक स्वतःहून दाखवायला कोणत्या गटातील मुले अधिक पुढे आली?